चांगुणामावशीची सही

आमच्या नात्यागोत्यात कुठलंही कार्य असो, जेवणं उरकून मंडळी सतरंजीवर टेकली की कुणीतरी म्हणतंच, "आता काकाला बसवा मध्ये." मग मी नको-नको म्हणत, माझ्यासाठी आधीच मोकळ्या ठेवलेल्या खुर्चीत जाऊन बसतो. माझ्याकडे ठरलेल्या सात-आठ गोष्टी आहेत. त्यातली सगळ्यात जास्त मागणीची गोष्ट म्हणजे मी भाईंदरच्या खाडीत कांदळाची, म्हणजे खारफुटीची, चाळीस रोपं उलटी लावली ती.

गेल्या महिन्यात पुतण्याच्या मुलीच्या बारशाला तीच सांगितली. सगळे ठरलेल्या जागी हसले. पण पुतण्याची मेहुणी ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होती. ती डोळे पुसत म्हणाली, "किती गोड मावशी हो! मग पुढे त्यांचं काय झालं, काका?"

मी ताक मागितलं.

ताक आणून दिलं विद्याने, म्हणजे माझ्या बायकोने. वाटी हातात देताना हळूच म्हणाली, "प्या. पण एकदा ते पुढचंही सांगून टाका कुणाला तरी." तोंडाने सांगणं मला जमणार नाही. म्हणून लिहितोय.

आम्ही परळहून जेसल पार्कात आलो तेव्हा बिल्डरने 'क्रीक व्ह्यू' असं सांगून फ्लॅट दिला होता. व्ह्यू स्वयंपाकघराच्या खिडकीतून होता. भांडी घासायच्या जागेवर उभं राहिलं की समोर तिवरांचा, म्हणजे खारफुटीच्या झाडांचा, हिरवा पट्टा, त्यामागे पाणी. ओहोटीच्या वेळी त्या हिरव्यात एक ठिपका हळूहळू सरकताना दिसायचा. कधी वाकायचा, कधी सरळ व्हायचा. कित्येक वर्षं मी चहाचा कप हातात घेऊन तो ठिपका पाहिला आणि पाहुण्यांनाही दाखवला. त्या ठिपक्याला चांगुणा म्हणतात हे समिती झाली तेव्हा कळलं.

समिती म्हणजे वन खातं आणि स्थानिक लोकांनी मिळून कांदळवन सांभाळायची समिती. खात्याने कायदा, रोपं आणि पगारी राखणदार द्यायचे. खाडीकाठच्या जुन्या पाड्यातल्या लोकांनी माहिती द्यायची, नजर ठेवायची, आणि त्याबदल्यात चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले खेकडे, आणि खुबे-कालवांसारखे शिंपले धरायची त्यांची वहिवाट चालू राहायची. आम्ही सोसायटीवाल्यांनी काय द्यायचं ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या, आणि मला दिलं.

मला देण्याचं कारण माझं अक्षर. विमा कंपनीच्या ऑफिसात मी मीटिंगांची इतिवृत्तं लिहितो. कितीही भांडणाची मीटिंग असो, मी ती एका पानात बसवतो. दुसरं पान लागलं की मला नापास झाल्यासारखं वाटतं. आमचे साहेब एकदा म्हणाले होते, "पाच तासांचं एक पान करणारा माणूस आपल्याकडे एकच आहे." मी ते घरी येऊन सांगितलं तर विद्या म्हणाली, "म्हणजे चार तासांचं तुम्ही गाळता." ती तेव्हा थट्टेतच बोलली होती.

समितीची पहिली बैठक पाड्यातल्या समाजमंदिरात होती. चांगुणामावशी आली ती दारातच, चपला ठेवतात तिथे जमिनीवर बसली. सुकलेल्या बोंबलासारखी बारीक, काळी. गुडघ्यापर्यंत चढवलेलं लुगडं. काखेत छत्री, आणि ती छत्री बारा महिने. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक नव्हतं. आमच्या बी विंगच्या दोशीभाईंनी अगदी काळजीने विचारलं, "मावसी, ये उंगली को क्या हुआ?"

"चिंबोरीनं खाल्ली," मावशी म्हणाली. "मंग मी तिला खाल्ली. भांडान मिटलं."

दोशीभाई शुद्ध शाकाहारी. ते पुढे अर्धा तास काही बोलले नाहीत.

"मावशी, वर खुर्चीत बसा ना," मी म्हणालो.

"नको रं. खुर्चीत बसलं का पाय लटाकतान, मंग डोकं चालत न्हाय."

डोकं कसं चालतं ते लगेच कळलं. आमच्या भागाचे वनपाल कदमसाहेब मनमिळाऊ गृहस्थ होते. त्यांनी भिंतीवर मोठा नकाशा लावला. कुठे रोपवाटिका, कुठे लागवड, कुठे माहितीचा फलक, सगळं रंगवून आणलं होतं. सोसायटीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी उठली, नकाशाजवळ गेली, नाक लावून पाहिलं आणि म्हणाली, "सायब, यो नकाशा वहोटीचा हाय. भरतीचा कुटं हाय?"

आम्ही हसलो. कदमसाहेबही हसले. मग तिने छत्रीच्या टोकाने रोपवाटिकेचा चौकोन दाखवला आणि तिचा तो कायमचा प्रश्न विचारला, "तितं पानी कवा येतं?"

साहेबांना ते माहीत नव्हतं. मला तर पाणी येतं म्हणजे नळाला येतं एवढंच माहीत होतं.

"पुनवेला बग तू," ती म्हणाली. पौर्णिमेच्या उधाणाला साहेब मुद्दाम जाऊन पाहून आले. त्यांच्या रोपवाटिकेच्या जागी कमरेइतकं पाणी होतं. पुढच्या बैठकीत त्यांनी नकाशा गुंडाळूनच आणला आणि मावशीसमोर जमिनीवर पसरला. "तुम्हीच सांगा," म्हणाले. सरकार आणि लोक मिळून काम करणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. चांगलं दिसत होतं.

त्यानंतर कुणी काहीही सुचवलं तरी मावशीचा प्रश्न तोच. सेल्फी पॉइंट करूया? तितं पानी कवा येतं? बाकं ठेवूया? तितं पानी कवा येतं? आमच्या घरात तर तो वाक्प्रचारच झाला. मी सोफा हलवायचं म्हटलं की विद्या विचारायची, "तितं पानी कवा येतं?"

मला ती मास्तर म्हणायची. "मी मास्तर नाही हो मावशी, विमा कंपनीत आहे," असं मी दोनदा सांगून पाहिलं. "लिवतोस ना? मंग मास्तर." विषय संपला. तिला अक्षरं येत नव्हती. कधीकाळी कुठल्याशा साक्षरतेच्या वर्गात जाऊन ती सही तेवढी शिकली होती. पण अंगठा दे म्हटलेलं तिला खपायचं नाही. बैठक संपली की सगळे माझ्या वहीवर भराभर सह्या करून निघून जायचे. मावशी मात्र टेबलाशी येऊन उभी राहायची.

"वाच."

मी वाचायचो. माझ्या सरकारी मराठीतलं तिला निम्मं कळत नसे. पण ती मान खाली घालून, भजनाला बसल्यासारखी ऐकायची. शेवटी विचारायची, "माजं बोलनं हाय त्यात?"

"आहे, मावशी."

मग छत्री टेबलाला टेकवून, पेन मुठीत धरून ती सही करायची. एकेक अक्षर चिखलात रोवल्यासारखं दाबून. खालच्या तीन पानांवर तिची सही उमटायची.

आता ती उलट्या रोपांची गोष्ट. पावसाळ्यातला लागवडीचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे सकाळी नऊला यायचे होते. मावशीने आधीच बजावलं होतं, "धा वाजता पानी फिरंल, भरती लागंल. त्याच्या आदी आटपा." पाहुणे काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकांमध्ये अडकले. कार्यक्रमपत्रिकेत पाहुण्यांची वेळ छापलेली होती, पाण्याची छापायची राहून गेली. शेवटी ते येईपर्यंत थोडी सुरुवात करून ठेवावी म्हणून मी गमबूट घालून उतरलो.

कांदळाची रोपं म्हणजे हातभर लांब हिरव्या शेंगाच. एक टोक निमुळतं, दुसरीकडे देठाची खूण. देठ म्हटला की तो खाली, एवढं मला घरच्या फुलदाणीवरून ठाऊक होतं. मी आणि दोशीभाईंनी मिळून ओळीने चाळीस शेंगा रोवल्या. दोरी धरून सरळ रांग केली. फोटो काढले. सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. दोशीभाईंनी तर विचारलंही होतं, "शेठ, पक्का यही साईड नीचे?" मी म्हटलं, "हंड्रेड परसेंट."

पाठीमागे काहीतरी हालचाल वाटली म्हणून वळून पाहिलं. मावशी वाकून माझी एकेक शेंग उपटत होती आणि फिरवून परत लावत होती. देठ वर, टोक खाली. शेंग झाडाला देठाने लोंबते, पडते ती टोकावर, तशीच रुतते. हे मला आज कळतं. तेव्हा मी नुसता उभा होतो.

"काय रं मास्तर," ती पुटपुटली, "सगल्यांना डोक्यावर उबं केलंस ते? यांनी काय केलंन व्हतं?"

पाणी फिरायला लागलं होतं. घोट्यापर्यंत आलं, पोटऱ्यांपर्यंत आलं. चाळीसच्या चाळीस तिने फिरवल्या. तेवढ्यात काठावर पाहुण्यांची गाडी लागली आणि ते फोटोवाल्यांसकट बांधावर आले. "वा! इतकी सुंदर रांग कोणी लावली?" त्यांनी विचारलं.

मी दोशीभाईंकडे पाहिलं. मावशी चिखलाचे हात लुगड्याला पुसत म्हणाली, "मास्तरांनी. एकबी चुकली न्हाय."

आमच्या घरी ही गोष्ट इथे संपते. दोशीभाईंचा आवाज काढून सांगितली की लोक फार हसतात. पुढचं त्यांच्यापैकी विद्याशिवाय कुणाला माहीत नाही.

त्या दिवसानंतर मावशी मला थोडं आपलं समजू लागली. रविवारी ओहोटी असली की म्हणायची, "चल, दाकवतंय तुला." बांधावर पोचलं की पहिलं वाक्य, "चप्पल हातात घे." मी बूट घालून यायचो तरी वाक्य तेच. एकदा नाही ऐकलं, तर एक सँडल चिखलाने ठेवून घेतली. ती अजून तिथेच असणार.

ती अनवाणी तिवरांच्या टोकदार मुळांमधून अशी चालायची, की जणू आपल्याच घरात रात्रीच्या भांड्यांमधून वाट काढतेय. बिळाशी बसायची, पुढे वाकवलेली लोखंडी सळई आत सरकवायची, आणि डोळे मिटून हाताला काय कळतं ते ऐकायची. चिंबोरी बाहेर काढली की आधी उलटी करून पोट बघायची. मादी अंड्यांवर असली की परत बिळात. "जा बाय, बालंत होऊन ये."

जुन्या उघाडीपलीकडे, म्हणजे मिठागराच्या बांधाला पाणी आत-बाहेर करायला जिथे फळीचं दार होतं त्याच्या पलीकडे, दाट तिवरांचा एक तुकडा होता. तिथे ती कधीच जात नसे. बिळं तर सगळ्यात मोठी तिथेच दिसत होती.

"इथे का नाही, मावशी?"

"त्ये त्यांचं म्हायेर हाय."

पाड्यातल्या बायकांनी तो तुकडा पिढ्यान् पिढ्या सोडून दिलेला होता. तिथे कुणी सळई घालायची नाही, लाकूड तोडायचं नाही. चिंबोऱ्या तिथे वाढतात आणि मग बाहेर येतात, त्या धरायच्या. नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनेला सासू आधी तो तुकडा दाखवायची, मग बाकीची खाडी. मावशीला तिच्या सासूने दाखवला होता. तिला सून नव्हती. एकच लेक, ती डहाणूकडे दिलेली. "म्हून तुला दाकवतंय," ती म्हणाली आणि हसली. "तू काय नांदायचा न्हाईस, पन लिवून तरी ठेव."

लिहून तरी ठेव. हे तिचे शब्द आहेत. मी त्यात काही घातलेलं नाही.

ती संधी दुसऱ्याच वर्षी आली. कदमसाहेबांची बदली ठरली होती आणि जाण्याआधी त्यांना व्यवस्थापनाचा आराखडा वर पाठवायचा होता. बैठकीत प्रश्न होता, कुठे प्रवेश बंद ठेवायचा आणि कुठे नाही. मावशी त्या दिवशी आयुष्यात बोलली नसेल इतकं बोलली. उघाडीपलीकडचा माहेराचा तुकडा पूर्ण बंद करा, म्हणाली, आम्हीसुद्धा जाणार नाही. नवी रोपं लावली तिथेही तीन पावसाळे कुणी जायला नको. पण पाड्यापासून बांधावरून खाली उतरणारी वाट आणि मधला चिखलाचा पट्टा ओहोटीला आमच्या बायकांना मोकळा पाहिजे. आम्ही गेलो नाही तर रात्री वाळू काढणारे आले की भराव टाकणारे आले, कोण बघणार? "आमी जातोय म्हून ती झारं हायत," ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. कदमसाहेब म्हणाले, "अगदी बरोबर. मास्तर, हे असंच लिहा."

माझ्या कच्च्या कागदावर ते असंच आहे. पक्क्या प्रतीत ते मावेना. एक पान भरत आलं होतं, खाली सह्यांना जागा ठेवायची होती. आणि साहेबांनी दिलेल्या नमुन्यात एकच रकाना होता: प्रतिबंधित क्षेत्र. मी लिहिलं, 'उघाडी व सभोवतालचे सर्व क्षेत्र प्रवेशास बंद ठेवण्यास ग्रामस्थांनी सर्वानुमते संमती दिली.' वाटेचं आणि ओहोटीचं नंतर परिशिष्टात टाकू, असं ठरवलं. त्या दिवशी घरी विद्याच्या भावाकडची मंडळी जेवायला येणार होती आणि मला येताना श्रीखंड आणायचं होतं.

मावशी टेबलाशी आली. "वाच."

आता इथे मी सावकाश लिहितो, नाहीतर हेही एका ओळीत उरकेन. माझ्यासमोर दोन्ही कागद होते. पक्की प्रत वाचली असती तर तिने विचारलं असतं, आणि ती विचारायला लागली की वेळ जातो. म्हणून मी कच्चा कागद उचलला आणि त्यातलं वाचलं. माहेर, तीन पावसाळे, वाट, मधला पट्टा, ओहोटी. सगळं. ती मान खाली घालून ऐकत होती.

"माजं बोलनं हाय त्यात?"

"आहे, मावशी."

तिने छत्री टेबलाला टेकवली आणि पक्क्या प्रतीवर सही केली.

परिशिष्ट मी केलं नाही. विसरलो, असं म्हणायची सोय आहे, पण तेही खरं नाही. मधून मधून आठवायचं. मग मी दुसरं काहीतरी करायचो.

त्या दिवाळीनंतर कुंपण आलं. हिरव्या जाळीचं, मजबूत, बांधाच्या कडेकडेने. पाड्याच्या वाटेवर बरोबर मध्ये एक खांब आणि त्यावर पाटी, 'संरक्षित कांदळवन. प्रवेश निषिद्ध.' नवे राखणदार वसईकडचे होते. त्यांना कुणाची ओळख नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मावशी जाळीखालून सरकून गेली तर त्यांनी तिची टोपली आणि सळई ठेवून घेतली. सळई तिच्या सासूची होती.

बैठक बसली. कदमसाहेबांच्या जागी एक तरुण मॅडम आल्या होत्या. अतिशय सरळ बाई. त्यांनी मावशीला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग फाइल उघडली. "आजी, तुम्ही सगळ्यांनीच पूर्ण बंद ठेवायला संमती दिलीय. ही सही तुमचीच ना?"

मावशीने सही पाहिली. तिला वाचता येणारं त्या कागदावर तेवढंच होतं.

"सय माजी हाय. पन मी असं बोलले न्हाय."

"मग सही करताना वाचून नाही दाखवलं कुणी?"

मावशी माझ्याकडे वळली. चिडून नाही. अगदी सहज, घरातल्या माणसाला विचारावं तशी. "मास्तर, तू वाचलंवतंस ना रं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "काही चुकून राहिलं असेल तर आत्ता सांगा. मी दुरुस्ती घालून घेते. त्यात काही कमीपणा नाही."

यापेक्षा रुंद दार कुणी कुणासाठी उघडत नाही. पण पुढच्याच आठवड्यात चांगलं काम करणाऱ्या समित्यांचा सत्कार होता. आमच्या समितीचं नाव होतं, आणि 'आदर्श दप्तर' म्हणून माझं वेगळं. विद्याने त्यासाठी मला नवा शर्ट आणला होता. मुलीने पुण्याहून रजा काढली होती.

मी म्हणालो, "हो, मी वाचून दाखवलं होतं. त्यानंतरच मावशींनी सही केली."

यातला शब्दन् शब्द खरा आहे.

मला वाटलं, मावशी ओरडेल. पाड्यातल्या बायका कुजबुजायला लागल्या तर तिने हाताने त्यांनाच गप्प केलं. मग छत्री काखेत मारली, दारातल्या चपला पायात घातल्या आणि निघाली. वाचलो, असं वाटलं मला त्या क्षणी. लाज मागाहून आली.

सत्कार झाला. शाल आणि सन्मानचिन्ह मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन सवयीने स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिलो. ओहोटी होती. हिरवा पट्टा होता, त्यामागे पाणी होतं. ठिपका नव्हता.

"काय बघताय?" विद्याने विचारलं.

"काही नाही."

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मावशी दिसत नाहीत हल्ली." मग तिने माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात ती माझी इतिवृत्तं वाचायला शिकली आहे. "काय गाळलंत?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने भाजी चिरायची सुरी खाली ठेवली. "त्यांनी तुमच्या चाळीस शेंगा पाण्यात उभं राहून सरळ केल्या," ती म्हणाली, "आणि तुम्हाला एक ओळ सरळ करता आली नाही?"

तरीही मला आणखी चार महिने लागले. या चार महिन्यांत एकदा मावशी मला स्टेशनजवळच्या मासळी बाजारात दिसली. गाडीने आलेल्या, पाय बांधलेल्या चिंबोऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी टोपलीतून विकत बसली होती. मी समोरून गेलो. तिने गिऱ्हाइकाला म्हणतात तसं म्हटलं, "या सायब, ताजी हायत." मास्तर नाही. साहेब. मी पापलेट घेऊन घरी आलो आणि ते कुणीच नीट खाल्लं नाही.

शेवटी एका शनिवारी मी बसलो आणि दुरुस्तीचं पत्र लिहिलं. कच्चा कागद समोर ठेवून, तिचं बोलणं तिच्याच क्रमाने. शिवाय मी काय वाचलं आणि सही कशावर घेतली, तेही. साडेतीन पानं झाली. सोमवारी मॅडमकडे नेऊन दिलं. त्यांनी उभ्या-उभ्याच वाचलं. मला वाटलं, आता रागावतील. "ग्रामस्थांच्या सह्या घेऊन या," एवढंच म्हणाल्या. मला बसायला मात्र सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मी मावशीकडे गेलो. एकट्याने जायचा धीर नव्हता म्हणून विद्याला बरोबर घेतलं. मावशी ओट्यावर सुकट निवडत होती. विद्याला तिने पाट दिला. मी उभाच.

"मावशी, माझी चूक झाली," मी म्हणालो. "सगळं परत लिहिलंय. तुम्ही बोललात तसं. मी वाचून दाखवतो."

तिने सुपातले हात थांबवले नाहीत.

"तू नको वाचू," ती म्हणाली.

तिने लुगड्याला हात पुसले, माझ्या हातातून कागद घेतले आणि विद्यापुढे धरले. "तू वाच गो."

विद्याने साडेतीन पानं वाचली. मी काय केलं तेही त्यात होतं, आणि ते बायकोच्या आवाजात मला ऐकावं लागलं. मावशी मान खाली घालून ऐकत होती, पूर्वीसारखीच. संपल्यावर तिने विद्यालाच विचारलं, "माजं बोलनं हाय त्यात?"

"आहे, मावशी."

"समदं?"

"सगळं."

मावशीने पेन मागितलं. मी दिलं. तिने सही केली, पेन परत दिलं आणि सूप पुढे ओढलं. आम्ही निघालो तेव्हा विद्याच्या हातात वाटीभर सुकट दिली.

पावसाआधी वाटेवरची जाळी कापून तिथे एक फाटक बसवलं. एक बाई टोपली काखेत घेऊन आरामात जाईल एवढं रुंद. ओहोटीच्या वेळेत उघडं. राखणदारांनी सळईही परत दिली, मॅडमनी स्वतः शोधायला लावली होती.

फाटक उघडलं त्या सकाळी मी गेलो होतो. कुणी बोलावलं नव्हतं. पाड्यातल्या पाच-सहा बायका होत्या. मावशी सगळ्यांच्या मागून आली. जरा वाकली होती. एवढे महिने न चालल्याने गुडघे धरले होते. छत्री काखेत, सळई हातात. बांधाखाली माझी ती चाळीस रोपं गुडघाभर झालेली होती, रांग अजून दोरीत होती. ती तिथे थांबली, एका रोपाला अडकलेली प्लास्टिकची पिशवी सोडवली आणि टोपलीत टाकली. मग माझ्या अगदी समोरून फाटकाशी आली.

मी चपला काढून हातात घेतल्या होत्या.

तिने पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं. मग ती फाटकातून पलीकडे गेली, बाकीच्या बायकांच्या मागोमाग चिखलात उतरली. माहेराचा तुकडा तिने डाव्या हाताला सोडला. तिवरांमध्ये ती एकदा वाकली, एकदा सरळ झाली, आणि मग लहान-लहान होत तो पूर्वीचा ठिपका झाली.

पुढच्या पावसाळ्यात ती वारली. लेकीकडे, डहाणूला. आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं.

फाटकाच्या त्या सकाळी पाणी फिरेपर्यंत मी बांधावर उभा होतो. फाटक उघडंच होतं. चपला हातात होत्या. आत ये, असं मला कुणी म्हणालं नाही.